मुशीतला तांबडा आणि पांढरा: पोहणाऱ्या स्नायूंना रक्त कोणत्या वाटेनं जातं ते बघायची रीत

कोल्हापुरात तांबडा-पांढरा म्हटलं की समोर वाट्या येतात. मुशीच्या, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या छोट्या शार्कच्या, अंगातही तांबडा आणि पांढरा दोन्ही असतात, फक्त प्रमाण उलटं. पांढरा स्नायू ढीगभर, तांबडा नुसता चवीपुरता. बहुतेक शार्कमध्ये तांबडा शरीराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतो. पण दिवसभराचं संथ पोहणं तोच ओढतो. सावजावर झडप घालायला किंवा जाळ्यातून निसटायला पांढरा लागतो, आणि तो लवकर दमतो. तांबड्याला ऑक्सिजन सतत हवा, म्हणून रक्तही सतत हवं.

ते रक्त कुठून येतं, कुठून परत जातं आणि जाताना येणाऱ्या रक्ताला घासून जातं की नाही, एवढंच बघायचं आहे. त्यासाठी एक मुशी, एक गेदर (ट्यूना) आणि एक मोकळी सकाळ पुरते.

मासा कसा निवडायचा

मुशी 35 ते 45 सेंटीमीटरची घ्या. यापेक्षा लहान घेतली तर शेपटीतली रोहिणी सापडत नाही, मोठी घेतली तर रंग पुरत नाही. मासेवाल्याला आधीच सांगून ठेवा: साफ करू नका, पर छाटू नका, शेपटी तोडू नका, अख्खी द्या. सांगितलं नाही तर सवयीनं हात चालतो आणि नेमकं हवं ते टोपलीत पडतं. नर मागा. पोटाखालच्या परांना आतल्या बाजूनं दोन दांड्या असतात, त्यावरून नर ओळखायचा. मुशी पिल्लं घालते, अंडी नाही. गाभण मादी असेल तर पोटातल्या पिल्लांकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या तुमचा निम्मा रंग पिऊन टाकतात.

ताजेपणाची कसोटी नाकानं करा. शार्कच्या रक्तात आणि मांसात युरिया भरपूर असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. कल्ल्यांपाशी मुतारीसारखा वास आला तर ती मुशी सोडा, कारण तिच्या केशवाहिन्या तोवर सैल पडलेल्या असतात. बर्फातली चालेल, गोठवलेली नको. गोठताना होणारे बर्फाचे कण बारीक वाहिन्या फोडतात आणि मग रंग सगळीकडे पाझरतो. रत्नागिरीकडचा माल आंबा घाट चढून येतो, त्यामुळे बाजार उघडतानाच जाणं बरं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत मिळणारी मुशी बहुधा शीतगृहातली असते, म्हणून हा बेत पावसाळ्यानंतर ठेवा.

व्हेल शार्क, करवत मासा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या वाटेला जायचं नाही. कॉलेजात हे करणार असाल तर विभागप्रमुखांशी आधी बोला. 2014 साली यूजीसीनं पदवी-पदव्युत्तर प्राणिशास्त्रातलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं आहे. खाण्यासाठी विकला जाणारा मासा आणि विच्छेदनासाठी मारलेला प्राणी यांत फरक असला, तरी परवानगी कागदावर असलेली बरी.

सामान

औषधाच्या दुकानातून निळ्या टोपीचा 22 नंबरचा आणि पिवळ्या टोपीचा 24 नंबरचा, असे दोन आयव्ही कॅन्युला, एक सलाइनचा सेट आणि 10 मिलीच्या दोन सिरिंज आणा. हॉस्पिटलची सलाइन मात्र आणू नका. तिच्यात लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे शार्कच्या रक्ताच्या मानानं ती फारच पातळ. ती आत गेली की पाणी स्नायूंत शिरतं, मांस फुगतं आणि केशवाहिन्या चिमटून बंद होतात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 16 ग्रॅम मीठ आणि 21 ग्रॅम युरिया घाला. युरिया विरघळताना बाटली हाताला गार लागते, लागली की समजा माल खरा आहे. ऊसवाल्या घरात युरियाचं पोतं हाताशी असतंच, पण ते इथे चालत नाही. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो आणि तेलाचे थेंब बारीक वाहिन्यांत अडकतात. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला साधा युरिया घ्या.

भिंग 10 पटीचं लागेल. गुजरीत सोनार डोळ्याला लावतात तसलं उत्तम.

शेपटीचा काप

शार्कच्या हृदयातून फक्त अशुद्ध रक्त जातं. हृदय ते पुढे कल्ल्यांकडे ढकलतं. कल्ल्यांत शुद्ध झालेलं रक्त हृदयाकडे न परतता सरळ कण्याखालच्या पृष्ठीय महारोहिणीत जमतं, आणि ती महारोहिणी डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते. धडात ती उघडी असते. शेपटीत कण्याच्या खालच्या कमानींनी तयार झालेल्या बोगद्यात शिरते आणि तिथे तिला पुच्छरोहिणी म्हणतात. बोगदा कूर्चेचा असल्यानं ती दबत नाही, हलत नाही. आत शिरायला याहून सोयीची जागा नाही.

शेपटीचा पर सुरू होतो त्याच्या दोन सेंटीमीटर पुढे, नव्या ब्लेडनं एका दमात आडवा काप द्या. मुशीची कातडी पॉलिश पेपरसारखी असते, धार लगेच मरते, म्हणून दुसऱ्या कापाला दुसरं ब्लेड. कापावर मधोमध मणक्याची पांढरी गोल चकती दिसेल. तिच्या वरच्या भोकात मज्जारज्जू, खालच्या भोकात दोन वाहिन्या. वरची, मणक्याला चिकटलेली, जाड भिंतीची, कापल्यावरही गोल तोंड राखणारी, ती रोहिणी. तिच्या खालची रुंद, पातळ, काळपट रक्तानं भरून बसलेली, ती नीला. या दोघींची गल्लत हीच सर्वांत मोठी चूक. नीलेत रंग गेला तर तो मूत्रपिंडांत जाऊन थबकतो आणि स्नायू कोरेच राहतात.

कॅन्युलाची सुई काढून टाका. नुसती प्लॅस्टिकची नळी रोहिणीत दीड सेंटीमीटर सरकवा. 22 जात नसेल तर 24 घ्या. कापाभोवती ओला कापूस दाबून दोऱ्याचे तीन-चार वेढे घट्ट आवळा.

आधी धुणं

आता मुशी उताणी करा. छातीच्या दोन परांची बुडं जोडणारा कूर्चेचा आडवा दांडा बोटाला लागतो. त्याच्या जरा पुढे, तोंडाच्या बाजूला, मधोमध छोटी चीर द्या. आत त्रिकोणी खोलीत हृदय असतं. त्याच्या मागच्या पातळ पिशवीला कात्रीनं एक टोचा द्या. रक्ताला बाहेर पडायची वाट ठेवली नाही तर पुढचं सगळं फुकट.

मीठ-युरियाची बाटली माशाच्या पातळीपासून 40 सेंटीमीटर उंच टांगा. हा आकडा उगीच नाही. एवढ्या उंचीचं पाणी पाऱ्याच्या सुमारे 30 मिलिमीटरचा दाब देतं, आणि लहान शार्कच्या महारोहिणीत दाब साधारण त्याच आसपास असतो. हृदयानं दिलेल्या दाबातला बराचसा कल्ल्यांतून जातानाच खर्च होतो, स्नायूंना उरलेल्यावर भागवावं लागतं. माणसाच्या मापानं बाटली दीड मीटरवर टांगली की शेपटीचा देठ फुगतो आणि कापातून पाणी गळतं. म्हणजे वाहिनी फुटली.

तीस-चाळीस मिली पाणी हळू जाऊ द्या. हृदयापाशी आधी काळपट, मग गुलाबी, मग जवळजवळ स्वच्छ पाणी येईल. थेंब थांबले तर आत गुठळी आहे. दाब वाढवू नका. बाटली तशीच ठेवून शेपटीचा भाग हलक्या हातानं डावीकडे-उजवीकडे वीस-पंचवीस वेळा वाकवा, पोहताना वाकतो तसा. बहुतेक वेळा काळी गुठळी बाहेर पडते आणि धार सुरू होते.

या वाकवण्यात शार्कच्या परतीच्या रक्ताचं मर्म आहे. शेपटीकडून हृदयाकडे येणाऱ्या नीलेतला दाब फारच कमी असतो. ऑस्ट्रेलियाकडच्या पोर्ट जॅक्सन शार्कवर 1969 साली छापून आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की स्नायूंतून येणाऱ्या छोट्या नीला जिथे पुच्छनीलेला मिळतात तिथे झडपा असतात. एका बाजूचा स्नायू आवळला की तिथलं रक्त पिळून नीलेत जातं. ढिला पडला तरी झडप लागलेली असते, त्यामुळे ते मागे येत नाही. नीला स्वतः कूर्चेच्या बोगद्यात असल्यानं चेपली जात नाही. म्हणजे पोहणं हाच पंप.

रंग

पुस्तकात रोहिणी लाल दाखवतात. इथे लाल रंग वापरलात तर तांबड्या स्नायूत तो दिसणारच नाही. निळा घ्या.

खाण्याचा रंग नको, तो विरघळतो आणि वाहिनीच्या भिंतीतून झिरपून सगळं मांस निळं करतो. रांगोळीचा रंग भरड असतो, कॅन्युलातच अडकतो. चांगल्या प्रतीचा पोस्टर कलर घ्या. त्याचे कण वाहिनीत राहतात. 10 ग्रॅम जिलेटिन 100 मिली गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळू नका, उकळलेलं जिलेटिन नीट धरत नाही. त्यात दोन चमचे रंग ढवळा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. गाळण्याचा कंटाळा करणाऱ्याला सिरिंज अडकल्यावरच ते आठवतं.

मुशी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, हाताला ऊन लागेल इतपतच. थंड माशात जिलेटिन पहिल्या बोटभर अंतरातच गोठतं. आता 8 ते 10 मिली रंग चार-पाच मिनिटांत सावकाश सोडा. तोंड उघडून टाळू बघा. टाळूवर कल्ल्यांकडून येणाऱ्या वाहिन्यांच्या निळ्या रेषा उमटल्या की महारोहिणी भरली. तिथे थांबा. कॅन्युला काढून तोंडाशी कापूस दाबा आणि मुशी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये तीन तास ठेवा. चैत्र-वैशाखात कोल्हापुरात जिलेटिन टेबलावर धरतच नाही, पातळ होऊन वाहतं.

केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या असतील तर पोस्टर कलरचे कण जाड पडतात. दुसरी मुशी घेऊन एक भाग वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग शाई आणि चार भाग जिलेटिन असं मिश्रण वापरा. मग कातडीखालच्या तांबड्याचा आणि आतल्या पांढऱ्याचा ब्लेडनं जमेल तितका पातळ काप काढून ग्लिसरिनच्या थेंबात बघा. तांबड्याचे तंतू बारीक, आणि प्रत्येकाभोवती काळ्या ठिपक्यांचं कडं. पांढऱ्याचे तंतू जाड, आणि ठिपका शोधावा लागतो. दोन्ही काप एकाच काचेवर शेजारी ठेवा.

कापून बघणं

सरळ धारेच्या लांब सुरीनं, करवतीच्या दातांच्या नाही, दोन सेंटीमीटर जाडीचे काप काढा: छातीच्या परामागे, पाठीच्या पहिल्या पराखाली, दुसऱ्या पराच्या पुढे आणि शेपटीच्या देठाशी. फोटो लगेच काढा. हवेत उघडा पडलेला तांबडा थोड्या वेळात तपकिरी होतो आणि मग कातडीखाली होता की नव्हता यावर वाद सुरू होतात.

कापावर कांदा आडवा चिरल्यासारखी वर्तुळं दिसतील. स्नायूंचे खंड एकात एक बसवलेल्या शंकूंसारखे असतात, त्यांचे हे छेद. मणक्याच्या खाली निळा ठिपका म्हणजे महारोहिणी. तिच्यापासून प्रत्येक खंडासाठी दोन्ही बाजूंना एकेक फांदी निघते. एक शाखा कण्याला खेटून वर पाठीकडे जाते, एक खाली पोटाच्या भिंतीत. वरच्या-खालच्या स्नायूंमध्ये जो आडवा पडदा आहे त्याच्या कडेनं बाहेर निघालेली निळी रेषा भिंगातून शोधा. ती कातडीपर्यंत जाते. आणि कातडीखाली, बाजूच्या रेषेपाशी किंचित जाड आणि वर-खाली निमुळता होत गेलेला पातळ पट्टा, तो तांबडा. शेपटीकडच्या कापात पांढरा आक्रसतो, त्यामुळे तांबड्याचा वाटा मोठा दिसतो.

म्हणजे मुशीत रक्त आतून निघून बाहेर जातं. काम करणारा तांबडा थेट थंड कातडीला टेकलेला. त्यानं केलेली उष्णता काही कातडीतून समुद्रात जाते, उरलेली नीलेच्या रक्तातून कल्ल्यांपाशी पोचते. कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यात पडदा इतका पातळ असतो की ऑक्सिजन आत येण्याआधीच उष्णता बाहेर गेलेली असते. म्हणून मुशीचं अंग पाण्याएवढंच गार.

आता गेदर

काही शार्क मात्र अंग पाण्यापेक्षा गरम ठेवतात, मॅको त्यांतला एक. तो बाजारात शोधत बसू नका. त्याच्याऐवजी एक-दीड किलोचा गेदर घ्या. तो शार्कचा नातलग नाही, हाडाचा मासा आहे. पण उष्णता निसटून जाण्याच्या एकाच अडचणीवर दोघांनी आपापल्या वाटेनं काढलेली तोड फार सारखी आहे. गेदराला रंग भरायची गरज नाही, नुसता आडवा काप पुरे. तांबडा, खरं तर काळपट जांभळा, कण्याला चिकटून खोल बसलेला दिसेल. घरी स्वयंपाकाला आणल्यावर उग्र म्हणून जो भाग काढून टाकतात, तोच. आणि धडाच्या कापात कण्याखालच्या कमानींच्या पोकळीत रक्ताच्या गोळ्यासारखं जे दिसतं, ते गोठलेलं रक्त नाही. टाचणीनं उकला. बारीक रोहिण्या आणि बारीक नीला एकमेकींत विणून झालेला तो जुडगा आहे. शास्त्रात त्याला रेटे मिराबिले म्हणतात, अद्भुत जाळं.

जाळ्याचं काम सोपं आहे. स्नायूतून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं गार रक्त उलट दिशांनी शेजारून जातात. उष्णता एका रक्तातून दुसऱ्यात जाते आणि स्नायूतच परत येते, कल्ल्यांपर्यंत पोचतच नाही. या नळ्यांच्या भिंती केशवाहिन्यांहून जाड, त्यामुळे उष्णता निघून जाते पण ऑक्सिजन मधल्या मध्ये गळत नाही.

मॅको, पोरबीगल, ग्रेट व्हाइट आणि सॅमन शार्क यांच्यात वाट आणखी वेगळी. तांबडा आत कण्याजवळ, पण रक्त कण्याखालून येत नाही. कातडीखालून दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या मोठ्या पार्श्व-रोहिण्यांमधून ते येतं, जाळ्यातून आत वळतं, तांबड्याला पोचतं आणि जाळ्यातूनच परत कातडीखालच्या नीलेत. महारोहिणी या शार्कमध्ये बारीक राहते, मोठं काम पार्श्व-रोहिण्या करतात. फ्रान्सिस कॅरी आणि जॉन टील यांनी 1969 साली मॅको आणि पोरबीगल गरम अंगाचे असल्याचं मांडलं. सॅमन शार्क तर उत्तर पॅसिफिकच्या बर्फाळ पाण्यात स्नायू पाण्यापेक्षा 20 अंशांपर्यंत गरम ठेवतो, सुमारे 26 अंशांवर. त्याचा तांबडा गार पडला की जवळजवळ निकामी होतो.

थ्रेशर शार्कच्या तीन जातींतली एकच जात, साधा थ्रेशर, तांबडा आत ठेवते आणि जाळं बाळगते. बाकी दोघींचा तांबडा मुशीसारखा कातडीखाली. नावावरून अंदाज बांधू नये तो यासाठी.

उलटी धार खरंच इतका फरक करते का, हे फ्रिज मेकॅनिककडच्या पाव इंची तांब्याच्या नळीनं पाहता येतं. दोन-दोन मीटरचे दोन तुकडे शेजारी ठेवून लांबीभर झाळून घ्या. नुसते तारेनं बांधले तर मध्ये हवा राहते आणि प्रयोग फसतो. वर जुनी गोधडी गुंडाळा. एका नळीत 50 अंशांचं पाणी, दुसऱ्यात 20 अंशांचं, दोन्हीची धार सारखी आणि बारीक. दोघांची दिशा एकच असेल तर गार पाणी कितीही झालं तरी 35 च्या पुढे जात नाही, कारण तिथे दोघं बरोबरीला येतात. एक धार उलटी फिरवली की गार पाणी 35 ओलांडतं. धार जितकी बारीक, तितकं जास्त.

शार्कचा चपटा नातलग पाकट घ्यायचं असेल तर शेपटीतून भरू नका. त्याचं पोहणं पंखांवर, म्हणजे छातीच्या परांवर चालतं, आणि त्यांना रक्त खांद्याशी फुटणाऱ्या वेगळ्या फांदीतून जातं. महारोहिणी पोटातून उघडी करून तिथेच कॅन्युला बसवावा लागतो. शेपटीवरचा काटा आधी पकडीनं तोडून काचेच्या बाटलीत टाका. मासा मेला तरी त्या काट्याचं विष तसंच असतं.

कॅन्युला, सिरिंज लगेच गरम पाण्यानं धुवा, जिलेटिन सुकलं की निघत नाही. रंग भरलेली मुशी खायची नाही, मांजरालाही नाही. परसात पुरायची तर दोन फूट खोल आणि वर दगड, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात.